स्कॅन तर केलं, आता सापडत नाही. ‘स्कॅन_०१४७’ ला काय नाव देऊ?

पेटीवाल्या_काकू
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर वाचनालय होतं. ‘होतं’ म्हणते, कारण चाळ पुनर्विकासाला गेली. अर्धे बिऱ्हाडकरू ट्रान्झिट कॅम्पात, अर्धे भाड्याने कुठे कुठे, आणि वाचनालय माझ्या घरच्या माळ्यावर तीन ट्रंकांत. बावीस वर्षं मी तिथे संध्याकाळी सहा ते साडेआठ बसले. पगार बँकेचा, ग्रंथपालकी फुकटची.

चाळ रिकामी करायच्या आधी मंडळाच्या पोरांनी तीन रविवार बसून मोबाइलवर स्कॅनिंग केलं. पुस्तकं नाही केली, ती दुसरीकडे मिळतील. जे कुठेच मिळणार नाही तेवढं केलं. १९६१ पासूनच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, चाळीतल्या मुलांनी काढलेली हस्तलिखितं, कामगार नाट्यस्पर्धांची हस्तपत्रकं, संपाच्या दिवसांतली पत्रकं, आणि बिस्किटांचे दोन डबे भरून फोटो. अकराशेच्या वर फायली झाल्या. भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसली होती पोरं, कारण पंखा लावला की पानं उडायची. कौतुक आहेच त्यांचं.

आता रडगाणं. ड्राइव्हवर फोल्डर आहेत ‘रविवार १’, ‘रविवार २’, ‘रविवार ३’ आणि ‘काकूंची पेटी’. आत ‘स्कॅन_०००१’ पासून पुढे नुसते आकडे. मला आपलं वाटलं, स्कॅन झालं म्हणजे जपलं गेलं.

गेल्या महिन्यात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. गिरणी संपातल्या बायकांवर काम करतेय. म्हणाली, काकू, बायकांच्या सभेचं एखादं पत्रक आहे का हो तुमच्याकडे? आहे! डोळ्यांसमोर दिसत होतं मला. पिवळट कागद, सायक्लोस्टाइल (मेणकागदावरून हाताने काढलेली छपाई), कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. ट्रंकेतून पाच मिनिटांत काढून दिलं असतं, पण ती राहते पुण्याला, तिला पाठवायचं होतं. ड्राइव्हवर दोन रात्री घातल्या. ‘संप’ टाकलं, काही नाही. ‘१९८२’ टाकलं, काही नाही. शेवटी एकेक फाइल उघडत गेले तेव्हा ‘रविवार २’ मध्ये हाती लागलं. स्कॅन_०१४७.

आणि वाचून बघते तर त्यावर ‘संप’ हा शब्दच नाही! ‘लढा’ आहे. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांचं नाव नाही, ‘डॉक्टरसाहेब’ आहे. साल नाही, नुसतं ‘मंगळवार दि. १९ ऑक्टोबर’. जागा, ‘नेहमीच्या मैदानात’. ज्याने काढलं त्याला माहीत होतं की वाचणाऱ्याला सगळं माहीत आहे.

वाचनालयात हा प्रश्नच नव्हता. लोक येऊन म्हणायचे, ‘ते निळ्या कव्हरचं, शेवटी बाई मरते, ते द्या.’ मी काढून द्यायची. दाखल नोंदवहीत निळं कव्हर कुठे लिहिलं होतं? ते माझ्या डोक्यात होतं. आता ड्राइव्हवर मी कुठे बसू?

भाचा म्हणतो, मावशी, मेटाडेटा टाक, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती लिही. टाकते बाबा, पण काय टाकू आणि कुठे? फाइलचंच नाव बदलू की वेगळी वही करू? मराठीत लिहू की इंग्रजीत? साल नसेल तर माझ्या मनाने घालू का? जुन्या स्मरणिकांवर शके आहे, त्याचं काय? जाणकारांनी सांगावं. मला एक्सेल येतं, त्यापुढचं येत नाही.


तालिकापत्र
मंगळवार, सकाळी ७:१५

काकू, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. तुम्ही बावीस वर्षं मेटाडेटाच करत होतात. दाखल नोंदवही म्हणजे दुसरं काय?

फाइलच्या नावात सगळं कोंबू नका. नाव म्हणजे फक्त ओळख क्रमांक, आपल्या दाखल क्रमांकासारखा. एकदा दिला की बदलायचा नाही. बाकी सगळं एक्सेलच्या तक्त्यात, एका ओळीत एक वस्तू. वस्तू म्हणतोय, फाइल नाही. चाळीस पानांच्या स्मरणिकेच्या चाळीस फायली असतील तर आधी त्यांची एक पीडीएफ करा.

खाने कोणते, यावर जगाने आधीच डोकं खाजवून ठेवलं आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावी ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले. त्यातून ‘डब्लिन कोअर’ निघालं, पंधरा खान्यांचं. (आयर्लंडच्या डब्लिनशी संबंध नाही. माझे विद्यार्थी दरवर्षी उत्तरपत्रिकेत आयर्लंडच लिहीत.) पंधराही भरलेच पाहिजेत असं नाही. तुम्हाला शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, प्रकार, भाषा, स्थळ, हक्क एवढे पुरतील. पण खान्यांची नावं त्यातलीच ठेवा, म्हणजे उद्या हा तक्ता एखाद्या मोठ्या संग्रहालयाला दिलात तर त्यांच्या यंत्रणेत सरळ बसेल.

प्रकार आणि विषय यांत गल्लत करू नका, इथे भले भले घसरतात. हस्तपत्रक हा प्रकार, संप हा विषय. नाटकाच्या तालमीचा फोटो असेल तर प्रकार ‘फोटो’, विषय ‘नाटक’. तिथे प्रकारात ‘नाटक’ लिहिलंत तर संहिता शोधणारा माणूस येऊन निराश होऊन जाईल.

शीर्षक कागदावर आहे तसंच्या तसं, चुकांसकट. तुम्ही पदरचं घातलेलं सगळं चौकटी कंसात. साल मनाने घालायचं नाही, पण तर्काने घालता येतं. तुमच्या पत्रकाचंच बघा. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, तो सोमवार. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला मंगळवारच येतो. त्याच्या मागचा असा मंगळवार १९७६ चा आणि पुढचा थेट १९९३ चा. तेव्हा तारखेत [१९८२] लिहा, आणि वर्णनात ‘साल वारावरून ठरवले’ ही टीप. पुढच्याला तुमचा तर्क तपासता आला पाहिजे.

शकेत ७८ मिळवा. शके १८८३ चा गणपती म्हणजे १९६१. जानेवारी लागल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मात्र ७९. दोन्ही सालं लिहा, छापलेलं खोडू नका.


उगाच_विचारतो
मंगळवार, दुपारी १:०३

काकू, एवढा खटाटोप कशाला? ओसीआर मारा सगळ्यावर, संगणक चित्रातली अक्षरं वाचतो, मजकूर आपोआप निघतो, मग हवं ते शोधा. नाहीतर एआयला द्या. अकराशे ओळी हाताने भरत बसणार या वयात?


पेटीवाल्या_काकू
मंगळवार, दुपारी १:२०

वयाचं सोडा. ओसीआरने कागदावरची अक्षरं निघतील ना? ‘संप’ कागदावर नाहीच्चे. ‘डॉक्टरसाहेब’ निघेल, आणि ती पोरगी पुण्यात बसून शोधणार ‘दत्ता सामंत’.


कळफलक
मंगळवार, रात्री ११:५०

काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. तरी ओसीआर कराच, फुकट आहे. टेसरॅक्ट नावाचा ओसीआरचा प्रोग्राम आहे, त्याला मराठी येतं. छापील स्मरणिकांवर बरं चालेल, सायक्लोस्टाइलवर रडत खडत, हस्तलिखितांवर विसरा. तक्ता हा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, डोंबिवलीहून रोज येता-जाता हेच धंदे करतो, म्हणून मराठी मजकुराच्या काही खोड्या सांगतो. तुम्हाला वाटेल शब्द बरोबर टाइप केला, तरी सापडत नाही. ‘शेतकऱ्यांचा’ मधला तो झोपलेला ‘र’ संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी साठवला जातो. कुणाच्या कीबोर्डवरून पायमोडका र, अदृश्य जोडचिन्ह आणि य असा येतो, कुणाच्या कीबोर्डवरून ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर येतं. डोळ्यांना फरक शून्य. शोधणाऱ्या यंत्राला हे दोन निराळे शब्द. ‘ॲडव्होकेट’ मधल्या पहिल्या अक्षराचीही तीच गत. तेव्हा सगळा तक्ता एकाच माणसाने, एकाच कीबोर्डवरून भरा, किंवा भरून झाल्यावर माझ्याकडे पाठवा, मी एकसारखं करून देतो. दहा ओळींचा प्रोग्राम आहे.

स्मरणिका अलीकडच्या असतील तर छापखान्यातून मूळ फाइल मिळाली म्हणून हुरळू नका. जुन्या, युनिकोडच्या (अक्षरं साठवायची आता सगळीकडे चालणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असेल तर कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. दिसायला मराठी, आतून भलतंच.

आकडे एक तर सगळे मराठी ठेवा नाहीतर सगळे इंग्रजी. तारखेच्या खान्यात मी इंग्रजी ठेवीन, म्हणजे क्रमाने लावता येतं. वर्णनात मराठी.

आता स्थळ. त्या काळचं नाव आणि आजचं नाव, दोन्ही लिहा. पत्रकावर ‘एल्फिन्स्टन रोड स्टेशनबाहेर’ असेल तर २०१८ नंतर स्टेशन बघणाऱ्या पोराला ते प्रभादेवी म्हणून माहीत. ‘व्हीटी’ १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ साली सीएसएमटी. परळ कुणी परेल लिहितं. आणि बिल्डरांचं ऐकाल तर लोअर परळ आता ‘अप्पर वरळी’ आहे, ते मात्र घालू नका, माझी विनंती समजा. बाहेरदेशी बसून शोधणारा रोमन लिपीत शोधतो, त्याच्यासाठी एक खाना इंग्रजीत ठेवा, दोन-तीन शब्द पुरेत.

पुढेमागे इंटरनेट आर्काइव्हवर (जुनी पुस्तकं, कागद सगळ्यांसाठी फुकट ठेवणारी वेबसाइट) चढवणार असाल तर तिथला ओळखक्रमांक रोमन अक्षरांतच लागतो आणि नंतर बदलता येत नाही. शीर्षक, विषय कधीही बदला. भाषेच्या खान्यात ‘मराठी’ न विसरता निवडा.

आणि फोटो एकमेकांना व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका! फोटोच्या पोटात कधी काढला, कुठल्या यंत्राने काढला ही माहिती असते, ती वाटेत गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.


खोली_नंबर_२३
बुधवार, सकाळी ९:३५

काकू, मी तुमच्याच भागातली आहे, दोन चाळी सोडून. एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. संपाच्या काळातले कागद म्हणताय, त्यात मदतीच्या याद्या असतील. कुठल्या खोलीला किती ज्वारी, किती तेल. आमच्या मंडळाच्या कपाटात होती तशी यादी. माझ्या वडिलांचं नाव होतं तिच्यात. शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं की आपण धान्य घेत होतो. आईने तांदूळ निवडताना काहीतरी पुटपुटल्याचं तेवढं आठवतं.

यादी जपा, जरूर जपा. पण नावं शोधात येतील अशी लिहू नका. कुणाच्या नातवाने आजोबांचं नाव टाकून बघावं आणि पहिलं हेच यावं, असं नको.


तालिकापत्र
बुधवार, सकाळी १०:०२

बाईंचं अगदी बरोबर. म्हणूनच ‘हक्क’ हा खाना रिकामा सोडायचा नसतो. वर्णनात ‘धान्य मदतीची यादी, सुमारे अमुक कुटुंबे’ एवढंच, आणि हक्कात ‘फक्त वाचनालयात पाहता येईल’. नोंद सगळ्यांना दिसेल, कागद दिसणार नाही. नोंद आणि वस्तू वेगवेगळ्या असण्याचा हा मोठा फायदा आहे.

कॉपीराइटही तिथेच नोंदवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, निनावी प्रसिद्ध झालेलं असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. १९६१ च्या स्मरणिकेतला निनावी लेख मोकळा झाला, सहीचा लेख लेखकावर अवलंबून.


पेटीवाल्या_काकू
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, चार दिवस गप्प होते कारण काम करत होते. साठ नोंदी झाल्या. स्कॅन_०१४७ ची आता अशी आहे:

शीर्षक: भगिनींनो, लढ्यात मागे राहू नका! प्रकार: हस्तपत्रक, सायक्लोस्टाइल, १ पान. तारीख: [१९८२] ऑक्टोबर १९. विषय: गिरणी संप, स्त्री कामगार, सभा. वर्णन: संपकऱ्यांच्या घरच्या बायकांची सभा. ‘डॉक्टरसाहेब’ म्हणजे दत्ता सामंत. साल वारावरून ठरवले. स्थळ: लालबाग, [मैदान नक्की कोणते ते कागदावर नाही].

आणि तालिकापत्र सर, रागावू नका, तुमच्या खान्यांच्या शेवटी मी एक खाना पदरचा घातला. नाव ‘लोक काय विचारतील’. त्यात निळं कव्हर, चहाचा डाग, ‘ते बायकांच्या मोर्च्याचं’ असं सगळं जातं. तुमच्या ओहायोला पाठवायची वेळ आली तर तो उडवा.

तो खाना का घातला ते सांगते. वीस नोंदी झाल्यावर मी वहिनींना बसवलं, म्हटलं, आपल्या चाळीच्या दहीहंडीचा तो फोटो शोधा बघू, ज्यात तिसऱ्या थरावरचा पोरगा रडतोय. मी नोंदीत ‘दहीहंडी’ लिहिलं होतं, छाती फुगवून. वहिनींनी टाकलं ‘गोविंदा’. शून्य. मग ‘गोपाळकाला’. शून्य. मग म्हणाल्या, तुझ्या त्या संगणकात नाहीये काही. गिरणगावात जन्मलेली मी, आयुष्यभर ‘गोविंदा आला रे’ ओरडले, आणि लिहिताना वर्तमानपत्रासारखं ‘दहीहंडी’ लिहिलं! हातात पेन आलं की माणूस आपली भाषा विसरतो की काय कोण जाणे.

मग कालनिर्णयच्या मागच्या बाजूला विषयांची यादी केली, तीस शब्द, आणि प्रत्येकापुढे त्याची बाकीची नावं. दहीहंडी: गोविंदा, गोपाळकाला, गोकुळाष्टमी. संप: लढा, गिरणी बंद, हरताळ. पोरांना सांगितलं, विषयाच्या खान्यात या तिसांतलाच शब्द घालायचा, नवीन हवा असेल तर आधी मला विचारायचं. तरी एकाने ‘एकांकिका’ आणि दुसऱ्याने ‘एकअंकी’ घातलंच. त्यावरून दोघांत जुंपली. मी दोन्ही ठेवले, एक पुढे, एक मागे.

पुण्याच्या मुलीला पत्रक पाठवलं. तिने उलट विचारलं, याच छपाईची आणखी आहेत का? तक्ता लावून बघितला तर ‘सायक्लोस्टाइल’ लिहिलेली चार निघाली. दोन माझ्याही लक्षात नव्हती.

खोली नंबर २३, तुमचं ऐकलं. यादी आहे आमच्याकडेही. पोरांनी तिचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते, तिथून काढायला लावले. ट्रंकेत वेगळ्या पाकिटात ठेवली.

आता एक अडलंय. १९६८ च्या हस्तलिखितात ‘कु. निशिगंधा’ या नावाने सहा कविता आहेत. बऱ्या आहेत, दोन तर चांगल्याच. त्या आमच्या शेजारच्या अण्णांनी लिहिल्यात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं, मला माहीत आहे कारण अक्षर त्यांचं आहे आणि मी ते बावीस वर्षं देवघेवीच्या कार्डावर पाहिलंय. अण्णा हयात आहेत, ऐंशी पार. कर्त्याच्या खान्यात काय लिहू? केशवसुत म्हटलं की कृष्णाजी केशव दामले हे सगळ्यांना ठाऊक, तिथे दोन्ही नावं जोडता येतात. इथे?


तालिकापत्र
रविवार, रात्री ९:४१

पदरचा खाना उडवू नका. मला सुचायला हवा होता.

अण्णांचं म्हणाल तर कागद छापलेला नाही, माणूस हयात आहे, हक्क त्यांचा. अक्षर ओळखीचं आहे हा पुरावा झाला, परवानगी नाही झाली. त्यांनाच विचारा.


पेटीवाल्या_काकू
सोमवार, संध्याकाळी ६:२५

विचारलं. आधी दहा मिनिटं नाहीच म्हणाले. मग स्कॅन मोठा करून दाखवला तर सहाही कविता वाचून काढल्या, एका ठिकाणी वृत्त चुकलंय म्हणून स्वतःवरच चिडले. शेवटी म्हणाले, ‘नाव निशिगंधाच राहू दे. पण ते कुमारी तेवढं काढ.’

सर, तुम्ही तर म्हणालात छापलंय तसंच्या तसं.


तालिकापत्र
सोमवार, संध्याकाळी ६:५०

ते शीर्षकाला. कर्ता अण्णा म्हणतील तसा.